उतरंडीच्या तळाशी

एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या माजी विद्यार्थ्यांना स्थिरचित्र म्हटले की चुण्या पडलेले कापड, तांब्या आणि दोन फळे आठवतील. हा विषय दुय्यम, असे आम्हीही मानत होतो. या समजुतीचा इतिहास जुना आहे. १६६७ साली पॅरिसच्या राजाश्रयी कला-अकादमीच्या वतीने आंद्रे फेलिबियाँ यांनी चित्रविषयांची प्रतवारी लिहून काढली. माणसे व इतिहासप्रसंग वर, फळे-फुले-शिंपले तळाशी. उतरंड म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको.

म्हणूनच शार्दँ (१६९९–१७७९) आम्हांस जवळचे वाटतात. १७२८ मध्ये त्याच अकादमीने त्यांना सभासदत्व दिले, परंतु प्राणी व फळे रंगविणारा म्हणून. ते कांदे, पातेली, पाण्याचा पेला रंगवीत राहिले. लूव्र संग्रहालयात त्यांचे एक लहानसे चित्र आहे: पाणी साठविण्याचे, तोटी असलेले तांब्याचे पिंप आणि खाली बादली. राजमुकुटाला द्यावे तितके लक्ष त्यांनी त्या तांब्यावरील उजेडाला दिले आहे. पाण्याच्या भांड्याची प्रतिष्ठा ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हे चित्र अवश्य पाहावे.

ही उतरंड सर्वत्र मात्र नव्हती. फेलिबियाँच्या सुमारे चारशे वर्षे आधी चीनमधील बौद्ध भिक्खू मुची यांनी केवळ शाईने सहा पर्सिमन फळे चितारली. ते चित्र आज क्योटोच्या दायतोकुजी विहारात जतन केलेले आहे. मेज नाही, ताट नाही, पार्श्वभूमीही नाही. मधले एक फळ काळेभोर, कडेची दोन जवळजवळ रेषेपुरतीच. पाच फळे ओळीत आहेत. सहावे, धाकटे, किंचित पुढे.