‘ओ’ गटाच्या आड दडलेले रक्त

ओ गटाच्या तांबड्या पेशी कोणालाही चालतात, अशी आपली समजूत असते. मुंबईत काही व्यक्तींच्या बाबतीत ती खोटी ठरली. त्यांच्या पेशी चाचणीत ‘ओ’सारख्याच दिसत, पण त्यांचा रक्तद्रव ए, बी आणि ओ या तिन्ही पेशींचे पुंजके करी. नमुना बिघडला, असे म्हणून एखाद्याने तो टाकूनही दिला असता. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वाय. एम. भेंडे यांनी तसे केले नाही. १९५२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये हा शोध मांडला. विद्यार्थी त्यांना पाठ्यपुस्तकाचे कर्ते म्हणून ओळखतात. जगाला मात्र ठाऊक आहे तो ‘बॉम्बे रक्तगट’. शहराचे नाव पालटले, रक्ताचे तेच राहिले!

ए आणि बी हे प्रतिजन ‘एच’ नावाच्या पायावर उभे राहतात. या व्यक्तींत तो पायाच नसतो. ओ गटाच्या पेशींवर मात्र एच विपुल असतो. म्हणून सर्वांना चालणारे ते रक्त यांच्यासाठी प्राणघातक ठरू शकते. केवळ पेशी तपासल्या, तर हा भेद कळत नाही. रुग्णाचा रक्तद्रव ओ पेशींत मिसळून पाहिला, की तो उघड होतो. कृती एवढीच आहे, आणि तिच्यावर एक जीव अवलंबून असतो.

हा गट भारतात सुमारे १०,००० व्यक्तींत एकाचा. तो मातापिता दोघांकडून वारशाने येतो; त्यामुळे घरात एकाचा आढळल्यास सख्ख्या भावंडांची तपासणी आधी करून घ्यावी.