क्रूझआधीचा रविवार हॅम्बुर्गमध्ये

हॅम्बुर्गहून क्रूझ रविवारी संध्याकाळी सुटणार असेल, तर सकाळ हॉटेलात घालवू नये. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद. एल्बे नदीकाठचा मासळी बाजार मात्र भरतोच रविवारी, तोही १७०३ पासून! कोळ्यांना चर्चच्या प्रार्थनेआधी मासळी विकता यावी म्हणून वेळ पहाटेची. उन्हाळ्यात पाचला सुरू होतो, साडेनऊला आटोपतो. विक्रेते घसा ताणून ओरडत फळांच्या टोपल्या भरतात, शेजारच्या १८९६ च्या लिलावगृहात बँड वाजतो. पावात खारवलेला हेरिंग मासा आणि कच्चा कांदा, ही इथली खरी न्याहारी.

मग जुना एल्बे बोगदा. १९११ चा, नदीखालून ४२६ मीटर लांब, पायी जायला फुकट! भिंतीवरच्या चकचकीत शिल्पांत मासे, खेकडे आहेत, आणि जुन्या बुटाभोवती जमलेले उंदीरसुद्धा. ते शोधावेतच. पलीकडच्या काठावरून अख्खं बंदर नजरेत मावतं.

दुपारी श्पायखरश्टाट: लाकडी खांबांच्या पायावरची लाल विटांची गोदामं, २०१५ पासून जागतिक वारसा.

क्रूझची टर्मिनलं एकाहून जास्त आहेत. श्टाइनव्हेर्डरचं तर नदीपलीकडे, त्यामुळे तिकीट नीट वाचूनच टॅक्सी सांगावी.