उष्टावण झालं, पुढे काय?

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. वरचं पाणी नको, गुटीही नको. मग उष्टावण. खिरीचं बोट चाटवून फोटो निघतात आणि बाळ पुन्हा नुसत्या दुधावर! डाळीच्या वरच्या पाण्यानं पोट भरतं, अंग धरत नाही. नांदगावकडे घरात बाजरी असतेच. तिची घट्ट पेज किंवा मऊ वरणभात, वर तूप. चमचा कलता केला तरी ओघळू नये. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी. मध वर्षभर नाही.

अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची तिरंगी पट्टी असते: ११.५ सेंमीच्या आत लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, १२.५ पर्यंत पिवळी. आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात घरी येतात. बाळ बसतं का, रांगतं का, हेही त्यांना दाखवा.