गुरुजींचे नवे साधन आणि वैद्यांचा उपदेश

अध्यापन आणि चिकित्सा या दोन्ही कर्मांत उपदेशाला मोठे स्थान आहे. औषध कितीही उत्तम असले, तरी ते केव्हा, किती आणि कशाबरोबर घ्यावे हे रुग्णास उमजले नाही, तर योजना व्यर्थ ठरते. धडा कितीही सुंदर असला, तरी मुलाच्या भाषेत उतरला नाही, तर तो पुस्तकातच राहतो. म्हणून एका प्राथमिक शिक्षकाने तंत्रज्ञान कसे आपलेसे केले, याचा विचार वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी विक्रेत्यांनीही करावा, असे आम्हांस वाटते.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी हे छोटे गाव आहे. श्री. रणजितसिंह डिसले २००९ साली तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आली होती. एका बाजूस गुरांचा गोठा, तर दुसऱ्या बाजूस कोठार होते. मुलींची उपस्थिती कमी होती, बालविवाहाची चाल होती. मुलांची घरची भाषा कन्नड आणि अभ्यासक्रम मात्र दुसऱ्याच भाषेत. डिसले गुरुजी स्वतः कन्नड शिकले आणि पहिली ते चौथीची पुस्तके त्यांनी मुलांना कळतील अशी नव्याने घडविली. त्याच पुस्तकांत त्यांनी क्यूआर कोड बसविले. पालकाचा मोबाइल त्या चौकोनावर धरला की कवितेचे गायन, गोष्ट, चित्रफीत वा स्वाध्याय उघडत असे.

क्यूआर कोड ही मुळात १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघालेली युक्ती. शिक्षकाने ती मुलाच्या दप्तरात नेली. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड देण्याचे जाहीर केले. पुढील वर्षी राष्ट्रीय पातळीवरील पुस्तकांबाबतही तशीच घोषणा झाली. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार घोषित झाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. शैक्षणिक नेतृत्वाचे मर्म आम्हांस येथेच दिसते. आपल्या वर्गात सिद्ध झालेले इतरांच्या हाती देणे, हेच ते मर्म होय.

आपल्या शास्त्राला हे नवखे नाही. सुश्रुताचार्यांनी योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याला छेदनकर्माचा सराव कोहळा, भोपळा, काकडी यांवर, वेधनाचा कमळाच्या देठावर आणि बंधनाचा वस्त्रादींच्या मानवाकृतीवर करावयास सांगितला आहे. त्या काळची ही अध्यापनाची साधनेच होत. मात्र साधन कोणतेही असो, चिकित्सेच्या चतुष्पादांत द्रव्य हा एकच पाद आहे. वैद्य, उपस्थाता आणि रोगी हे उरलेले तीन. शाळेतही यंत्र म्हणजे द्रव्य, शिक्षक वैद्याच्या ठिकाणी, पालक उपस्थात्याच्या. एकट्या द्रव्याने कार्य साधत नाही.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, २०११ च्या जनगणनेनुसार, सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. घरोघरी भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी अशा बोली चालतात. देशातील आधार क्रमांकाच्या वितरणाचा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच शहादा तालुक्यातील टेंभली येथे झाला. म्हणजे तंत्रज्ञान येथे उशिरा पोहोचले, असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो बोलीचा.

औषधांच्या वेष्टनाचेच पाहा. वत्सनाभ, भल्लातक, कुपीलु यांसारख्या अनुसूची ई-१ मधील द्रव्यांनी युक्त व पोटात घ्यावयाच्या औषधांवर, ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना इंग्रजी व हिंदीत छापणे नियमाने बंधनकारक आहे. अक्राणी वा अक्कलकुवा तालुक्यातील पाड्यावरच्या आजीला ती कशी वाचता यावी? अशा औषधाची मात्रा चुकली, तर अपाय गंभीर होतो आणि दोष मात्र शास्त्राच्या माथी येतो.

म्हणून आमची सूचना अशी. नित्य वापरातील मोजक्या औषधांची मात्रा, काळ, अनुपान, पथ्यापथ्य आणि कोणते लक्षण दिसताच औषध थांबवून परत यावे, हे सारे त्या त्या बोलीत एक-दोन मिनिटांत ध्वनिमुद्रित करावे. बोली जाणणाऱ्या शिक्षकांचे व आशा कार्यकर्त्यांचे साहाय्य घ्यावे. मुद्रण प्रसृत करण्यापूर्वी ते वैद्याने अर्थासह तपासावे आणि बोलीभाषकाला ऐकवून त्याच्याच तोंडून परत वदवून घ्यावे. विक्रेत्यांनी त्याचा क्यूआर कोड औषधाच्या पुडीवर चिकटवावा. सातपुड्यात मोबाइलचे जाळे सर्वत्र सारखे नाही. तेव्हा दुकानातच ते ऐकवावे, शक्य तेथे रुग्णाच्या मोबाइलमध्ये उतरवून द्यावे. ज्याच्याकडे मोबाइल नाही, त्याच्यासाठी सूर्य, चंद्र व चमचा यांच्या चित्रांची चिठ्ठी असावीच. छापील सूचना, वैद्याचा प्रत्यक्ष संवाद आणि पुनर्तपासणी यांना हा पर्याय नव्हे, ही जोड आहे.

देश, काल आणि सात्म्य पाहून औषध योजावे, हे आपण शिकलो आहोत. उपदेशही तसाच योजावा. परितेवाडीच्या गुरुजींनी कन्नड शिकून घेतली, म्हणून त्यांच्या क्यूआर कोडला अर्थ आला. आपणही प्रथम रुग्णाची बोली कानी घ्यावी आणि मगच साधन हाती धरावे.