७.६ नंतरचा नेम

सप्टेंबर २०२३, हांगझोऊची आशियाई स्पर्धा. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत कांबळवाडीचा (जि. कोल्हापूर) स्वप्नील कुसाळे पदकाच्या अगदी जवळ होता. मग उभ्यानं मारलेली एक गोळी भरकटली: ७.६ गुण. तो चौथा आला.

अशा वेळी ‘खचू नकोस’ म्हणणं सोपं, उपयोग बेताचाच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की ‘मला जमेल’ हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून दाखवलेल्या कामातून. इतरांनी दिलेला धीर त्यामानानं लेचापेचा. म्हणजे आत्मविश्वास भाषणांतून कमी आणि सरावातून जास्त येतो. पदक नेमबाजाच्या हातात नसतं. श्वास, शरीराची ठेवण, चाप ओढण्याची लय मात्र असते, आणि ती रोज घोटता येते.

१ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिम्पिक, त्याच प्रकाराची अंतिम फेरी. गुडघ्यावरच्या नेमानंतर स्वप्नील सहावा, झोपून मारल्यावर पाचवा. उरला होता तोच, उभ्यानं मारायचा टप्पा. लक्ष श्वासावर ठेवलं होतं, असं त्यानं नंतर सांगितलं.

४५१.४ गुण, कांस्यपदक. या प्रकारातलं ते भारताचं पहिलंच ऑलिम्पिक पदक.