महासंगणकाच्या दारात

गेल्या वर्षी पदार्थविज्ञानाच्या तासाला मी महासंगणकाविषयी सांगत होतो. दर सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी करणारी यंत्रे आज आपल्या देशात आहेत, असे म्हणताच मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, पण ते यंत्र आपल्याला कोण वापरू देणार?" वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावचे. प्रयोगशाळेत वीज गेली की प्रयोग तिथेच थांबतो. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी मलाही पडला होता, आणि त्याचे उत्तर शोधताना माझी चांगलीच फजिती झाली होती. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

एक सेकंद आणि तीन कोटी वर्षे

एकावर पंधरा शून्ये म्हणजे किती मोठी संख्या, याची कल्पना करून पाहा. समजा, तुम्ही दर सेकंदाला एक बेरीज करता. जेवण नाही, झोप नाही, नुसत्या बेरजा. तरी इतक्या बेरजा संपवायला तुम्हांला ३ कोटी १७ लाख वर्षे लागतील! सेकंदाला इतके काम करण्याच्या वेगाला एक पेटाफ्लॉप म्हणतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील 'अर्क' या महासंगणकाचा वेग ११.७७ पेटाफ्लॉप आहे.

एवढे काम करणारे यंत्र म्हणजे एक अवाढव्य मेंदू असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे ते नसते. शेकडो संगणक कपाटांत रचून अतिशय वेगवान तारांनी एकमेकांना जोडलेले असतात. अशा प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. एका नोडमध्ये प्रत्यक्ष आकडेमोड करणारे अनेक घटक असतात, त्यांना कोअर म्हणतात. मोठे काम लहान लहान तुकड्यांत वाटायचे आणि सगळ्यांनी एकाच वेळी करायचे, ही सारी किमया.

आपल्याकडे या विद्येचा पाया पुण्यात घातला गेला. १९८८ साली तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियान जाहीर झाले आणि देशातील अनेक शिक्षणसंस्थांत व संशोधनसंस्थांत अशी यंत्रे बसू लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये 'परम रुद्र' नावाचे तीन महासंगणक राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यांपैकी एक आपल्या नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे.

पत्त्यांचे गठ्ठे

एक यंत्र आणि अनेक गरजू, ही गोष्ट मात्र जुनीच आहे. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० नावाचा संगणक आला. त्या काळी तो फार मोठा समजला जाई. देशभरच्या संस्थांतील संशोधक आपली गणिते त्याच्यावर करून घेत. तेव्हा पडदा नव्हता, कळफलकावर लिहून लगेच उत्तर मिळण्याची सोय नव्हती. भोके पाडलेल्या जाड पत्त्यांचा गठ्ठा द्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत वाट पाहायची. एका पत्त्यावर ८० अक्षरे मावत. एका पत्त्यात चूक राहिली, की सारे मुसळ केरात!

गंमत म्हणजे त्याच वर्षी, त्याच जातीच्या संगणकावर, अमेरिकेतील आर्गोन प्रयोगशाळेत हैदराबादचे अनीसूर रहमान यांनी एक अपूर्व गणित केले. त्यांनी अरगॉन या मूलद्रव्याच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकाकरवी शोधून काढली. (प्रयोगशाळेच्या आणि मूलद्रव्याच्या नावांतले साम्य हा केवळ योगायोग!) प्रत्येक अणू दुसऱ्या प्रत्येक अणूला ओढतो किंवा ढकलतो. ८६४ अणूंच्या जोड्या किती होतात? ८६४ गुणिले ८६३, भागिले २, म्हणजे ३,७२,८१६. इतकी बले मोजायची, अणू किंचित पुढे सरकवायचे, की पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

मला हेच गणित दहा लाख अणूंसाठी करायचे होते. द्रव अरगॉनचा थेंब गारठवला, तर त्यात स्फटिक कसा धरू लागतो, हे पाहायचे होते. दहा लाख अणूंच्या जोड्या होतात सुमारे पन्नास हजार कोटी! दूरच्या जोड्या वगळण्याच्या युक्त्या आहेत. तरीही महाविद्यालयाच्या संगणकाला एका तापमानासाठी दहा-बारा दिवस लागले असते, तेही मध्ये वीज न जाता. आणि मला हवी होती वीस तापमाने.

अर्ज

मी एका संशोधनसंस्थेतील परिचित शास्त्रज्ञांना पत्र लिहिले. ते म्हणाले, "अर्ज करा. तुमच्या कामाची हमी मी घेतो." अर्जाचे नियम संस्थेगणिक थोडे वेगळे असतात, पण विचारतात ते साधारण सारखेच. प्रश्न कोणता? प्रोग्राम कोणता? लहान प्रमाणावर करून पाहिले का? किती वेळ लागला? स्मृती किती लागेल? आणि शेवटी, एकूण किती कोअर-तास हवेत?

हे कोअर-तासाचे माप ध्यानात ठेवा. ४८ कोअर १० तास वापरले, तर ४८० कोअर-तास खर्च झाले. मजुरीचे दिवस मोजतात ना, तसेच. दीड महिन्याने मला १५,००० कोअर-तास मंजूर झाल्याचे कळले. मी घरी पेढे आणले!

फजिती

प्रवेशासाठी नाव आणि सांकेतिक शब्द मिळाला. घरबसल्या संगणकावरून मी त्या यंत्रात शिरलो आणि मोठ्या उत्साहाने प्रोग्राम सुरू केला. अर्ध्या तासात पत्र आले : 'आपले काम थांबवण्यात आले आहे.'

झाले होते असे, की बाहेरून येणारा प्रत्येक जण प्रथम एका प्रवेश-नोडवर पोहोचतो. तेथे फक्त तयारी करायची असते. मी तेथेच दहा लाख अणू पळवायला लागलो होतो! दवाखान्यात नाव नोंदवण्याच्या टेबलावरच कोणी शस्त्रक्रिया सुरू करावी, तसला प्रकार. माझ्यामुळे इतर सगळ्यांची कामे अडखळली होती.

खरी रीत अशी : आपल्याला किती कोअर, किती वेळ हवे, हे एका चिठ्ठीत लिहायचे आणि ती रांगेत लावायची. रांग सांभाळणारा एक प्रोग्राम असतो. ज्याने नुकतेच पुष्कळ वापरले, त्याला तो थोडे मागे ठेवतो. तो हुशारही असतो. समजा, एसटीच्या गाडीत दहा जणांच्या वऱ्हाडाला एकत्र बसायचे आहे, पण तूर्त चारच जागा मोकळ्या आहेत. वऱ्हाड चढणार पुढच्या थांब्यावर. मग तोवर पुढच्याच गावी उतरणाऱ्या एखाद्याला त्या जागेवर बसू द्यायला काय हरकत? रांगेचा प्रोग्राम लहान कामे अशीच फटीत बसवतो. मात्र, ती फट किती वेळाची आहे त्यात आपले काम मावले पाहिजे. म्हणून उगाच जास्त वेळ मागणाऱ्याची चिठ्ठी पडून राहते.

मी ४८ कोअर आणि २४ तास मागितले. एका कामाला तेथे त्याहून जास्त वेळ मिळत नसे. माझा अंदाज वीस तासांचा होता. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर २४ तास पूर्ण होताच काम तोडलेले, आणि हाती एकही आकडा नाही! १,१५२ कोअर-तास वाया गेले. ते नुसते माझे नव्हते. त्या वेळात रांगेतल्या दुसऱ्या कुणाचे काम झाले असते.

नेमका प्रश्न

मी चिडून मदतकक्षाला लिहिले, 'माझा प्रोग्राम चालत नाही.' तिथल्या एका अभियंता ताईंचे शांत उत्तर आले : कामाचा क्रमांक काय? चिठ्ठी कशी लिहिली? शेवटची ओळ कोणती छापली गेली? लहान उदाहरण चालते का? तेव्हा मी ओशाळलो. डॉक्टरांना आपण नुसते 'बरे नाही' म्हणून गप्प बसतो का? कुठे दुखते, कधीपासून, काय खाल्ले, हे सांगतोच ना?

सगळी माहिती जमवून मी पुन्हा लिहिले. ताईंनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली : दर तासाला सगळ्या अणूंची स्थिती आणि वेग फाइलमध्ये नोंदवून ठेवा. म्हणजे काम तुटले, तरी तेथूनच पुढे चालू करता येते. दुसरी : लहान उदाहरण १, २, ४, ८, १६ आणि ४८ कोअरवर चालवून वेळांचा तक्ता करा.

तक्ता पाहून मी चकित झालो. सोळापुढे कोअर वाढवून फारसा लाभच नव्हता! हे असे का, ते पुऱ्यांच्या उदाहरणाने पाहू. एका माणसाला पुऱ्या करायला १०० मिनिटे लागतात. त्यांतली १० मिनिटे तेल तापायला जातात. उरलेले ९० मिनिटांचे काम वाटता येते, पण तेल तापणे वाटता येत नाही. १६ माणसे लावली, तर १० अधिक ५.६, म्हणजे साधारण १५.६ मिनिटे लागतील. ४८ लावली, तर १० अधिक १.९, म्हणजे ११.९ मिनिटे. तिप्पट माणसे, आणि वाचली जेमतेम चार मिनिटे! मजुरी पाहा : पहिल्या वेळी २५० माणूस-मिनिटे, दुसऱ्या वेळी ५७०. माणसे हजार आणली, तरी दहा मिनिटांच्या आत पुऱ्या होणे नाही. हा नियम जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडला. माझ्या प्रोग्राममध्येही दहावा हिस्सा असाच न वाटता येणारा होता.

आता हिशेब करा. ४८ कोअरवर एका तापमानाला २६ तास लागत होते, म्हणजे १,२४८ कोअर-तास. वाया गेलेले वजा करता माझ्याकडे १३,८४८ उरले होते. त्यांत फक्त ११ तापमाने झाली असती, आणि अर्धवट काम हाती घेऊन मी घरी बसलो असतो. १६ कोअरवर लागले ३४ तासांहून किंचित जास्त, पण खर्च ५४७ कोअर-तास. २४ तासांची मर्यादा? नोंदी ठेवल्यामुळे काम दोन हप्त्यांत करता आले. वीस तापमानांना सुमारे १०,९४० कोअर-तास लागले. वीसही पूर्ण झाली, आणि उरलेले तास मी संस्थेला कळवून परत केले.

त्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. "म्हणजे आपल्यालाही मिळते?" त्याने विचारले. मिळते, पण अर्ज करावा लागतो, हमी घेणारा शोधावा लागतो, रांगेत उभे राहावे लागते, आणि अडले तर नीट विचारावे लागते. आता तो माझ्याबरोबर ८६४ अणूंचा प्रोग्राम महाविद्यालयाच्याच संगणकावर लिहितो आहे. अर्जात 'लहान प्रमाणावर करून पाहिले का?' असा प्रश्न असतो ना, त्याच्या उत्तराची ही तयारी.

तुम्हीही एक गणित करा. तेल तापायला १० ऐवजी ५ मिनिटे लागली आणि उरलेले ९५ मिनिटांचे काम वाटता आले, तर १६ माणसांना किती वेळ लागेल? आणि ४८ माणसांना? दोन्ही वेळची माणूस-मिनिटे काढा, आणि किती माणसे बोलवावीत, ते तुम्हीच ठरवा पाहू!