थकलेले पहारेकरी

आपल्या एका पेशीतील डीएनएचा धागा सरळ केला तर तो सुमारे २ मीटर भरेल. पेशीचे केंद्रक मात्र जेमतेम मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे! तिथे तो मावतो, कारण हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर तो गुंडाळलेला असतो. गुंडाळी सैल असेल तिथली जनुके वाचली जातात. घट्ट असेल तिथली मुकी राहतात. जनुकाच्या आरंभी मेथिल गट चिकटले, तरी ते बहुधा गप्प होते. डीएनएचे एकही अक्षर न बदलता चालणाऱ्या या कारभाराला ‘एपिजेनेटिक नियंत्रण’ म्हणतात.

आता मोठ्या आतड्याच्या कर्करोगाकडे वळू. टी-पेशी या शरीराच्या पहारेकरी. गाठीत त्या किती आणि कुठे आहेत, यावरून रुग्णाच्या भवितव्याचा अंदाज बांधता येतो, हे फ्रान्समधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले.

मग पहारा असूनही गाठ वाढते कशी? एक कारण असे, की शत्रू सतत समोर राहिला तर टी-पेशी थकतात. त्यांच्यावरील ‘पीडी-१’ हे प्रथिन ब्रेकसारखे काम करते. ते शोधणारे तासुकु होंजो २०१८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

हा ब्रेक सोडवणारी औषधे निघाली. कर्कपेशीतील डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असेल, तर तिथे चुका साचतात, परकी वाटणारी प्रथिने बनतात आणि टी-पेशींना चोर ओळखू येतो. गंमत म्हणजे हा बिघाडही पुष्कळदा एपिजेनेटिकच असतो: ‘एमएलएच-१’ हे दुरुस्तीचे जनुक मेथिल गटांमुळे बंद पडते. अशी यंत्रणा बिघडलेल्या गुदाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या १२ रुग्णांचा अहवाल न्यूयॉर्कहून २०२२ मध्ये आला. शस्त्रक्रियेविना सर्वांची गाठ दिसेनाशी झाली होती!

पण आतड्याच्या बहुसंख्य कर्करोगांत दुरुस्तीयंत्रणा शाबूत असते. तिथे हे औषध एकटे फारसे चालत नाही. शिवाय जुनाट विषाणुसंसर्ग झालेल्या उंदरांत २०१६ मध्ये असे आढळले, की ब्रेक सोडला तरी थकलेल्या टी-पेशींतील डीएनएची गुंडाळी बहुतांशी तशीच राहते. थकवा जणू तिथे नोंदलेला असतो.

तरीही आशेला जागा आहे. या खुणा विकरे उमटवतात आणि विकरेच पुसतात. म्हणजे हे लिखाण शाईचे नव्हे, पेन्सिलीचे आहे. नेमकी तेवढीच ओळ पुसणारे खोडरबर मात्र अजून हवे आहे. ते तुमच्यापैकी कोणी शोधेल काय?